चासी कंपनीची, बॉडी आपली
दुसऱ्याचा पॅकेज मॅनेजर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसविताना घ्यावयाची काळजी

ट्रकच्या धंद्यातील मंडळींना एक गोष्ट नव्याने सांगावयास नको. कारखान्यातून ट्रक पुष्कळदा नुसत्या चासीच्या रूपात बाहेर पडतो. इंजिन, गिअर, एक्सल आणि चाके कंपनीची असतात. केबिन, हौदा, फळ्या, ताडपत्रीचे हुक हे सर्व मात्र बॉडी बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये चढते. वर्कशॉपवाला इंजिन बनवीत नाही आणि बनविण्याच्या फंदातही पडत नाही. चासीवर काय, कोठे आणि कसे बसवायचे, यात त्याचे कसब असते. चासीला कोठे भोक पाडायचे आणि कोठे मुळीच पाडायचे नाही, हेही त्याला पक्के ठाऊक असते.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातही आज हाच प्रकार चालतो. समजा, दोन-तीन भागीदारांनी मिळून औषधांच्या दुकानांसाठी हिशेबाचा प्रोग्रॅम तयार केला. पहिली पाच गिऱ्हाईके होती तोवर एक भागीदार स्वतः दुकानात जाऊन नवी आवृत्ती बसवून येत असे. पुढे गिऱ्हाईके दोनशे झाली. एकाला जीएसटीच्या विवरणाची जोडणी हवी, दुसऱ्याला बारकोडची, तिसऱ्याला उधारीची आठवण देणारा संदेश हवा. आता कोणाकडे कोणता भाग आहे, तो कोणत्या आवृत्तीचा आहे आणि एक बदलला तर दुसरा बंद पडेल काय, याची वही ठेवता ठेवता भागीदारांची दमछाक होऊ लागते. एखाद्या रात्री चुकीचा भाग सर्वांकडे गेला, तर सकाळी दोनशे दुकानांचे काउंटर एकदम ठप्प होतात. गिऱ्हाईक मिळविण्यास वर्षे लागतात. गमावण्यास एक सकाळ पुरते.

अशा वेळी जे साधन लागते त्याचे नाव पॅकेज मॅनेजर. ते स्वतः लिहावे, बाहेरचे वापरावे, की बाहेरचे घेऊन आपल्याच प्रोग्रॅमच्या पोटात बसवावे, हा निर्णय तांत्रिक वाटतो. खरे तर तो धंद्याचा निर्णय आहे.

पॅकेज मॅनेजरचे काम

पॅकेज मॅनेजरला गोदामाचा मुनीम म्हणता येईल. कोणते भाग उपलब्ध आहेत याची यादी तो आणतो. मागितलेल्या भागाला आणखी कोणकोणते भाग लागतात हे ठरवितो. ते उतरवून घेतो, वाटेत कोणी भेसळ तर केली नाही ना हे तपासतो, योग्य जागी मांडतो आणि शेवटी वहीत नोंद करतो. ही नोंद असते म्हणूनच उद्या तो भाग काढता येतो किंवा बदलता येतो.

लिनक्सच्या जगात ही पद्धत लवकर रुजली. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्प सुरू केला. १९९८ मध्ये त्यासाठी ॲप्ट नावाचे साधन तयार झाले आणि मार्च १९९९ मधील डेबियन २.१ बरोबर ते लोकांच्या हाती आले. या ॲप्टची मांडणी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यातील मुख्य काम लिबॲप्ट-पीकेजी नावाच्या वेगळ्या लायब्ररीत ठेवलेले आहे. ॲप्ट-गेट ही आज्ञा त्या लायब्ररीवरचा केवळ एक मुखवटा होय. ॲप्टिट्यूड आणि सिनॅप्टिक हे निराळे दिसणारे प्रोग्रॅमही त्याच लायब्ररीवर उभे आहेत. चासी एक, बॉड्या अनेक.

स्वतः का लिहू नये?

उत्साही तरुणाला वाटते, यात काय मोठेसे! यादी वाचायची, फाइल उतरवायची, उघडून ठेवायची, आठवड्याभराचे काम. फाइल उतरविणे खरोखरच सोपे आहे. अडचण आहे ती निवडीची.

बिलाच्या भागाला छपाईच्या भागाची दुसरी आवृत्ती लागते. बारकोडचा भाग जुना असल्याने त्याला छपाईची पहिलीच आवृत्ती चालते. गिऱ्हाईकाला दोन्ही हवेत. मग बारकोडची नवी आवृत्ती शोधावी लागते. ती तिसऱ्याच भागाची नवी आवृत्ती मागते. आणि त्या तिसऱ्यावर संदेशाचा भाग अवलंबून असतो. भाग वाढत जातात तशा शक्यतांच्या जोड्या भराभर वाढतात. गणिती भाषेत हा प्रश्न ‘एनपी-पूर्ण’ या कठीण वर्गात मोडतो. प्रत्येक वेळी लवकर उत्तर देणारी युक्ती त्यासाठी आजवर कोणाला सापडलेली नाही.

मोठमोठ्या प्रकल्पांनाही याचा त्रास झाला. ओपनसुसे या लिनक्सने २००८ मधील ११.० या आवृत्तीपासून निराळा मार्ग धरला. प्रत्येक भागाची प्रत्येक आवृत्ती घ्यायची की नाही, हा हो-नाहीचा प्रश्न मानायचा आणि सर्व अटी तर्कशास्त्राच्या सूत्रांत मांडून सोडवायच्या. या कामातून लिबसॉल्व्ह ही लायब्ररी पुढे आली. ओपनसुसेचा झिपर तिच्यावर चालतो. फेडोरा लिनक्सने २०१५ मध्ये २२ व्या आवृत्तीत जुन्या यमच्या जागी डीएनएफ आणला; त्याच्याही पोटात लिबसॉल्व्हच आहे.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. विज्ञानाच्या व आकडेमोडीच्या क्षेत्रात वापरला जाणारा कॉन्डा हा पॅकेज मॅनेजर २०१२ पासूनचा. भागांची संख्या वाढत गेली तसा तो निवडीच्या पायरीवर रेंगाळू लागला. २०१९ मध्ये मांबा नावाचा जलद पर्याय निघाला. मांबाच्या कर्त्यांनी निवडीचे गणित नव्याने मांडले नाही. लिनक्ससाठी बनलेली लिबसॉल्व्ह उचलली आणि कॉन्डाच्या भागांना लावली. पुढे मांबाची लायब्ररी खुद्द कॉन्डाने आपल्या पोटात घेतली आणि २०२३ मधील २३.१० या आवृत्तीपासून तीच मुख्य केली. लिनक्सच्या दुकानातले इंजिन असे दोन हात बदलून वैज्ञानिकांच्या संगणकावर पोहोचले.

तीन मार्ग

तेव्हा तयार साधन घ्यावे, हे ठरले. ते घेण्याचे मार्ग तीन.

पहिला मार्ग आज्ञेचा. आपला प्रोग्रॅम पॅकेज मॅनेजरला बाहेरून हुकूम सोडतो आणि तो पडद्यावर जे लिहील ते वाचून पुढचे ठरवितो. हा मार्ग स्वस्त आहे. परंतु पडद्यावरचा मजकूर माणसासाठी लिहिलेला असतो. पुढील आवृत्तीत एखादा शब्द बदलला की वाचणारा प्रोग्रॅम गोंधळतो. ॲप्टची ‘ॲप्ट’ ही नवी आज्ञा दुसऱ्या प्रोग्रॅमकडून चालविली, तर तिचे रूप स्थिर राहील असे समजू नका, असा इशारा ती स्वतःच देते.

दुसरा मार्ग मधला. काही पॅकेज मॅनेजर यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक साच्यात उत्तर देतात. कॉन्डामध्ये अशी सोय आहे. रस्ट भाषेच्या कार्गोमध्येही आहे, आणि तेथे तर साच्याला आवृत्तीचा क्रमांक आहे. कार्गोची लायब्ररी उघड उपलब्ध असली तरी ती मुख्यतः त्यांच्या अंतर्गत वापरासाठी असून केव्हाही बदलू शकते, असे तिचे कर्ते सांगतात आणि बाहेरच्यांना हा साच्याचा मार्ग दाखवितात.

तिसरा मार्ग पोटात बसविण्याचा. पॅकेज मॅनेजरची लायब्ररी आपल्या प्रोग्रॅमला जोडायची आणि तिची कामे थेट बोलवायची. यात सर्वांत अधिक ताबा मिळतो. पडदा आपला, भाषा आपली, नियम आपले. जोखीमही यातच सर्वांत अधिक.

चॉकलेटीची कहाणी

पहिल्या मार्गावरून तिसऱ्या मार्गावर गेलेला एक ठळक नमुना विंडोजच्या जगात आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लागणाऱ्या डॉट-नेट लायब्रऱ्या आणून देण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये नुगेट बाजारात आणला. रॉब रेनॉल्ड्स यांनी त्यात निराळीच संधी पाहिली. नुगेटच्या पेटीत लायब्ररीऐवजी एक छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट ठेवली आणि त्या स्क्रिप्टने एखाद्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर गुपचूप चालविला, तर? त्याच यंत्रणेतून विंडोजवर संपूर्ण सॉफ्टवेअर बसविता येतील! २०११ मध्ये चॉकलेटी सुरू झाले ते या कल्पनेवर.

आरंभी चॉकलेटी हा पॉवरशेलमधील स्क्रिप्टांचा संच होता आणि तो नुगेटला बाहेरून हुकूम सोडीत असे. २०१५ मध्ये ०.९.९ या आवृत्तीत तो सी-शार्प भाषेत नव्याने लिहिला गेला. नुगेटची लायब्ररी, आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करून, पोटात आली. एवढ्यावर न थांबता चॉकलेटीने स्वतःलाही लायब्ररीच्या रूपात खुले केले. दुसऱ्या कोणाला विंडोजवर सॉफ्टवेअर बसविणारा स्वतःचा प्रोग्रॅम काढायचा असेल, तर त्याने चॉकलेटीची लायब्ररी जोडावी, पर्याय भरावेत, संदेश कोठे पाठवायचे ते सांगावे आणि काम सुरू करावे.

येथपर्यंत सर्व गोड. परंतु फेरफार केलेल्या लायब्ररीचे एक दुखणे असते. मूळ नुगेट पुढे सरकत गेला, त्याच्या भांडारांची बोलीही बदलली. चॉकलेटी मात्र आपल्या फेरफारांसह जुन्या दुसऱ्या पिढीवरच राहिला. आपण केलेला प्रत्येक बदल नव्या लायब्ररीत पुन्हा बसवून पाहणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. अखेर २०२३ मध्ये चॉकलेटी २.० निघाला तेव्हा नव्या पिढीची लायब्ररी आली आणि नव्या बोलीच्या भांडारांशी व्यवहार सुरू झाला. त्याबरोबर जुन्या काही सवयी मोडाव्या लागल्या. एकाच भागाच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय गेली. यादी दाखविणारी आज्ञा पूर्वी बाहेरच्या भांडारातही शोधत असे. ती आता फक्त आपल्या संगणकावरचे दाखवू लागली. त्या आज्ञेवर स्वतःच्या स्क्रिप्ट उभ्या करणाऱ्यांना त्या दुरुस्त करणे भाग पडले.

याचा अर्थ चॉकलेटीने चूक केली असा मुळीच नाही. नुगेट नसता तर कदाचित चॉकलेटीही नसता. दुसऱ्याच्या चासीला वेल्डिंग मारले की पुढील मॉडेलच्या वेळी ते वेल्डिंग पुन्हा मारावे लागते, हा खर्च मात्र पहिल्याच दिवशी खात्यावर मांडावयास हवा.

पिपचा धडा

चॉकलेटीच्या कर्त्यांनी नुगेटची लायब्ररी घेतली ती दुसऱ्यांनी वापरावी म्हणून बनलेली होती. जेथे अशी लायब्ररीच नाही तेथे काय होते, हे पायथन भाषेच्या पिपने दाखविले. पिप हा आज्ञेने चालविण्याचा प्रोग्रॅम. परंतु तो स्वतः पायथनमध्येच लिहिलेला असल्याने अनेकांनी त्याचे आतले भाग थेट आपल्या प्रोग्रॅममध्ये ओढून घेतले. कोणी अडविले नाही आणि चालतही होते. एप्रिल २०१८ मध्ये पिप १० आला आणि त्याचे सर्व अंतर्गत भाग ‘इंटर्नल’ असे नाव दिलेल्या कप्प्यात हलविले गेले. आतल्या भागांवर उभे असलेले बाहेरचे कितीतरी प्रोग्रॅम नवी आवृत्ती येताच मोडले. दार कोणाचे आहे हे न विचारता आत शिरलेल्यांना कुलूप बदलल्याची तक्रार करता येत नाही.

पिपचे कर्ते यामागची कारणे स्पष्ट सांगतात आणि ती प्रत्येकाने ध्यानात ठेवावीत अशी आहेत. एक, पिप असे धरून चालतो की संपूर्ण प्रक्रियेवर एकट्या त्याचाच ताबा आहे. म्हणून नोंदी ठेवण्याची व्यवस्था वगैरे सामायिक गोष्टी तो मनाप्रमाणे बदलतो. दोन, एकाच वेळी अनेक धाग्यांतून तो चालेल अशी हमी नाही. तीन, आपले काम झाले की प्रोग्रॅम संपणार, असे त्याने गृहीत धरले आहे. आज्ञेसाठी या तिन्ही गोष्टी ठीक आहेत. दिवसभर उघड्या राहणाऱ्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये तिन्ही घातक आहेत. म्हणून पिपला वेगळी प्रक्रिया म्हणून चालवावे, असाच त्यांचा सल्ला आहे.

जावास्क्रिप्टच्या एनपीएमनेही हाच विचार केला. पूर्वी तो प्रोग्रॅममध्ये जोडता येत असे. २०२१ मध्ये आठव्या आवृत्तीत ही सोय काढून टाकण्यात आली. तथापि, भागांचे झाड मांडण्याचे मुख्य काम आर्बोरिस्ट नावाच्या वेगळ्या लायब्ररीत आहे आणि ती कोणालाही घेता येते. सबंध ट्रक उचलून आपल्या गॅरेजात घालण्यापेक्षा हवे तेवढे इंजिन घ्यावे, हे शहाणपण यात आहे.

काय बदलावे, काय बदलू नये?

चांगली लायब्ररी बदलाच्या जागा स्वतःच मोकळ्या ठेवते. आर्च लिनक्सच्या पॅकमनमागे लिबॲल्पम ही लायब्ररी आहे. ती स्वतः पडद्यावर काही लिहीत नाही आणि वापरणाऱ्याला काही विचारीतही नाही. किती टक्के काम झाले, कोणती नोंद करायची, ‘या भागाऐवजी तो घेऊ काय’ हा प्रश्न, हे सर्व ती वरच्या प्रोग्रॅमने दिलेल्या फंक्शनकडे पाठविते. मग तो प्रश्न मराठीत विचारायचा, की न विचारताच ठरावीक उत्तर द्यायचे, हे वरचा प्रोग्रॅम ठरवितो. फेरफार करण्याची ही खरी जागा. मूळ कोडला हात लागत नाही, तेव्हा नवी आवृत्ती आली तरी वेल्डिंग तुटत नाही.

साधारणपणे चार गोष्टी बदलाव्या लागतात: माल कोणत्या भांडारातून यावा, तो कोणत्या फोल्डरमध्ये मांडावा, संदेश कसे दिसावेत आणि कोणाच्या सहीवर विश्वास ठेवावा. पहिली आणि शेवटची बाब विशेष जपण्याची आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने एक साधी गोष्ट उघडकीस आणली. मोठ्या कंपन्या स्वतःच्या खासगी भांडारात काही भाग ठेवतात. त्याच नावाचे, परंतु चढ्या आवृत्तीचे भाग त्याने सार्वजनिक भांडारात टाकले. पॅकेज मॅनेजरने दोन्हीकडे पाहिले आणि चढी आवृत्ती म्हणून बाहेरची उचलली. पस्तीसहून अधिक कंपन्यांच्या आत त्याचा कोड अशा रीतीने पोहोचला. तो भला माणूस होता, कंपन्यांची संमती व बक्षिसाच्या योजना पाहून काम करीत होता. चोर असता तर? म्हणून खासगी भांडार जोडताना ‘आपल्या नावाचा माल फक्त आपल्याच गोदामातून’ हा नियम पक्का करावा. सही तपासण्याची पायरी तर, काम लवकर होते या मोहाने, कधीही बंद करू नये.

दुसरे पथ्य कुलपाचे. नोंदवही उघडताना पॅकेज मॅनेजर तिला कुलूप लावतो, ते दोन हात एकाच वेळी वहीत लिहू नयेत म्हणून. पोटात बसविलेल्या लायब्ररीने ते कुलूप पाळले नाही, तर नोंदवही बिघडते आणि मग कोणता भाग कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

परवान्याचा प्रश्न

मोफत मिळणारे सॉफ्टवेअर बिनअटीचे असते, हा गैरसमज धंद्यात महाग पडतो. लिबसॉल्व्ह बीएसडी परवान्याखाली आहे. नुगेट व चॉकलेटी अपाचे परवान्याखाली. कर्त्यांचे नाव व परवान्याचा मजकूर सोबत ठेवून आपल्या विकाऊ मालात ती वापरता येतात. लिबॲप्ट-पीकेजी व लिबॲल्पम यांचा परवाना जीपीएल आहे. ती जोडून बनविलेला माल गिऱ्हाईकाला दिला, तर आपला मूळ कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. वेगळी आज्ञा म्हणून बाहेरून चालविल्यास सर्वसाधारणपणे ही अट आपल्या कोडला लागत नाही. म्हणजे तीन मार्गांपैकी कोणता घ्यावा हे कधी कधी तंत्रापेक्षा परवानाच ठरवितो. करारावर सही करण्यापूर्वी आपण वकिलाला विचारतो, येथेही विचारावे.

आधी हिशेब, मग वेल्डिंग

आपल्या त्या भागीदारांकडे परत येऊ. त्यांनी प्रथम चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. ही लायब्ररी बाहेरच्यांनी वापरावी म्हणून बनविली आहे काय, की आपण मागच्या दाराने शिरत आहोत? आपल्याला हवा तो बदल तिने ठेवलेल्या जागेतून होतो काय, की मूळ कोड फाडावा लागेल? दरवर्षी नवी आवृत्ती तपासून घेण्यास आपल्याकडे माणूस आणि वेळ आहे काय? आणि परवाना आपल्या विक्रीच्या पद्धतीशी जुळतो काय?

चारही उत्तरे अनुकूल असतील तर लायब्ररी खुशाल पोटात बसवावी. एखादे जरी अडले तरी आज्ञेचा किंवा साच्याचा मार्ग बरा. त्यात कमीपणा काही नाही. कोणताही मार्ग घेतला तरी वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि नवी आवृत्ती प्रथम आपल्या एका संगणकावर, मग ओळखीच्या दोन दुकानांत आणि त्यानंतरच दोनशे दुकानांत पाठवावी. मागे फिरण्याची सोय आधी करून पाहावी. गरज पडल्यावर ती शोधत बसू नये.

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे ही आपल्याकडे टवाळीची गोष्ट मानली जाते. या धंद्यात मात्र सारेच एकमेकांच्या पिठावर रेघोट्या ओढतात. लिबसॉल्व्ह, मांबा आणि चॉकलेटी यांनी तेच केले आणि नाव कमावले. फरक इतकाच की पीठ कोणाचे, कोणत्या अटीवर मिळाले आणि उद्या ते बदलले तर आपल्या रेघोट्यांचे काय होणार, हे त्यांना शोधावे लागले. आपल्या तरुण उद्योजकांनी ते आधीच शोधून ठेवले, तर त्यांची बॉडी कोणत्याही चासीवर टिकेल.